गिटार नंतर बघा, आधी तिची पेटी बघा



मागच्या आठवड्यात एका तरुणाचा मेल आला. "सर, तीन लाखांची एफडी मोडून अमेरिकेतल्या ऑनलाइन लिलावातून जुन्या अकूस्टिक गिटारी घेतो, पाच वर्षं ठेवतो आणि विकतो. प्लॅन कसा वाटतो?" सोबत कर्ट कोबेनच्या गिटारची बातमी जोडलेली.

माझं उत्तर आधीच सांगतो. एफडी मोडू नका. का, ते त्याच बातमीत आहे.

कोबेनची ती मार्टिन डी-१८ई जून २०२० मध्ये ज्युलियन्स या लिलाव कंपनीने विकली. बोली १० लाख डॉलरपासून सुरू झाली आणि सौदा ६० लाख १० हजार डॉलरला झाला. गिटार १९५९ ची. हे मॉडेल मार्टिनने जेमतेम ३०२ नग बनवून बंद केलं, म्हणजे दुकानात ते काही धडाधड खपणारं नव्हतं. मग एवढे पैसे कशाचे? १९९३ च्या एमटीव्ही अनप्लग्डमध्ये तीच गिटार त्याच्या हातात होती आणि ते कॅमेऱ्यात आहे. शिवाय सोबत तिची जुनी पेटी होती. पेटीवर त्याने चिकटवलेलं पत्रक, विमानात सामान दिल्याच्या पावत्यांचे तुकडे, आत अर्धवट वापरलेली तारांची पुडी. आपण असला कचरा दिवाळीच्या साफसफाईत पहिला टाकतो!

जॉन लेननची बारा तारांची फ्रामस गिटारही अशीच. ती इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली आणि २०२४ मध्ये २८ लाख डॉलरच्या वर गेली. तिची मूळ पेटी तर कचऱ्यातून परत काढावी लागली होती.

आता तुम्ही म्हणाल, सर, आम्ही कुठे कोबेनची घेतोय? बरोबर. साध्या जुन्या गिटारीलाही बाजार आहे. मार्टिनने १९३३ ते १९४२ या काळात डी-४५ चे फक्त ९१ नग बनवले, त्यांना कोणा स्टारचं नाव लागत नाही. पण तिथेही प्रश्न पुराव्याचाच. मार्टिनचा अनुक्रमांक आत, मानेच्या ठोकळ्यावर असतो. १८९८ पासूनचे क्रमांक वर्षाशी जुळवता येतात. ब्राझिलियन शिसवीची म्हणून विकतायत आणि गिटार १९७५ ची निघाली, तर सावध व्हा, कारण १९६९ मध्ये कंपनी नेहमीच्या मॉडेलसाठी आपल्या भारतीय शिसवीकडे वळली. आणि लाकूड खरंच ब्राझिलियन असेल तर ती देशाबाहेर नेताना साइट्सचे परवाने लागतात. तो खर्च आणि ती डोकेदुखी कुठल्याच बातमीत येत नाही.

नवीन माणूस सगळ्यात मोठी चूक करतो ती चकाचक करण्याची. जुनं पॉलिश घासून नवं चढवलं की किंमत साधारण निम्म्यावर येते, असं या धंद्यात मानतात. कान बदलले तर जुने जपून ठेवा. मानेचा कोन जाणत्या कारागिराने सुधारून घेतला असेल तर मात्र गिऱ्हाईक सहसा नाक मुरडत नाही.

आता हिशोब. धरून चला, हातोडा १ लाखावर पडला. खरेदीदाराकडून लिलाव कंपनी वर २५ टक्के घेते, म्हणजे तुमचे गेले १ लाख २५ हजार. पुढे विकताना कंपनीने १० टक्के कापले, तर नुसते तुमचे पैसे परत यायला हातोडा जवळपास १ लाख ३९ हजारांवर पडायला हवा. वाहतूक, विमा, कस्टम अजून धरलेलंच नाही. लिलावात घ्यायचं आणि लिलावातच विकायचं, हा छोट्या माणसाचा धंदा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. श्रीमंतांचा छंद असेल, तर असू दे.

मग या क्षेत्रात काहीच नाही का? आहे. गिटार ओळखणं, तिचे नीट फोटो काढणं, काय मूळ आणि काय बदललेलं याची प्रामाणिक नोंद करून देणं, दुरुस्ती करणं. यात भांडवल कमी आणि माल दुसऱ्याचा.

त्या तरुणाला मी एवढंच लिहिलं: सहा महिने एकही गिटार घेऊ नका. दर लिलावाचे निकाल वहीत उतरवा, हातोड्याची किंमत वेगळी, वरचा खर्च वेगळा. शेजारी तुमचा स्वतःचा अंदाज आधीच लिहून ठेवा आणि किती चुकला ते बघा. वही भरली की फोटो पाठवा.

त्याचं उत्तर आलं: "सर, एक घेतली तर चालेल का?"