धार आणि पाणी

मराठी समीक्षेत ‘धारदार’ या विशेषणाइतका स्वस्त झालेला शब्द शोधूनच काढावा लागेल. शैली धारदार असते, उपरोध धारदार असतो, नाटकातले संवाद धारदार असतात आणि नवोदिताच्या पहिल्या संग्रहातली कविता तर हमखास धारदार असते. हा शब्द सढळ हाताने वापरणाऱ्यांत आम्हीही आहोत. गेल्या पंधरा-वीस वर्षांतली आमची परीक्षणे, प्रस्तावना आणि पुरस्कार समित्यांची निवेदने चाळली तर तो किती ठिकाणी सापडेल, याचा हिशेब न केलेलाच बरा. मात्र धार म्हणजे नेमके काय आणि ती पारखायची कशी, असे कुणी विचारले असते तर आमच्याकडे उत्तर नव्हते. हा प्रश्न आमच्यापुढे आला तोही साहित्यातून नव्हे, एका चाकूमुळे.

आमचा एक माजी विद्यार्थी परदेशात नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत तो परभणीला आला तेव्हा आमच्यापैकी एकाला त्याने घडीचा चाकू भेट दिला. घडीचा चाकू म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे येते ती रामपुरी, नाही तर वर्तमानपत्राच्या गुन्हेवार्तेतला ‘खटक्याचा चाकू’. हा त्या जातीचा नव्हता. टायटॅनियमची मूठ, अंगठ्याने अलगद उघडणारे पाते, पात्याच्या पोलादाला स्वतःचे नाव आणि क्रमांक. किंमत कळली तेव्हा, तासिका तत्त्वावर अनेक वर्षे काढलेले आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. घरी त्याच संध्याकाळी परीक्षा झाली. कांदा कापला गेला. टोमॅटोवर मात्र पाते सालीवरून घसरले. दाब दिला तेव्हा टोमॅटो आधी चेपला, मग फाटला. स्वयंपाकघरातल्या पन्नास रुपयांच्या दातेरी सुरीने ते काम हसत केले असते, आणि तिने ते आमच्या देखत केलेही.

विद्यार्थ्याला कळवले. त्याचे म्हणणे असे की, चोखंदळ माणसे अशा चाकूचा निवाडा कारखान्यातून आलेल्या धारेवर करीत नाहीत. ती धार केवळ तात्पुरती असते, खरी धार ज्याने त्याने आपल्या कामानुसार लावून घ्यायची असते. हे उत्तर आम्हाला प्रथम पळवाट वाटले. एवढे पैसे मोजायचे आणि वर धारही आपणच लावायची? परंतु शिक्षकाला विद्यार्थ्याचे म्हणणे तपासून पाहण्याची सवय असते. ते तपासताना आम्ही जरा खोलात गेलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, धार ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे म्हणणेच मुळात अपुरे आहे. तोच चाकू आम्ही वर्तमानपत्राच्या सुट्या पानावर चालवला. पान आवाज न करता दुभंगले. मनगटावरचे केस त्याने साफ उतरवले. अंबाडीच्या सुतळीवर मात्र तो पुन्हा घसरला. कारण उजेडात धरल्यावर दिसले. धारेच्या दोन्ही उतारांना कारखान्यात आरशासारखी चकाकी दिलेली होती. अशी गुळगुळीत धार कागदाला आणि केसाला ढकलून कापते. टोमॅटोची साल आणि सुतळीचे तंतू यांना मात्र धरून ठेवायला डोळ्यांना न दिसणारे बारीक दात लागतात. ते खरखरीत दगडावर लावलेल्या धारेला असतात. म्हणजे विक्रेता ज्या कागदावर चाकू चालवून गिऱ्हाइकाला थक्क करतो, त्या कागदाचा आणि आपल्या भाजीचा संबंध अगदी थोडा. परीक्षा कोणती घेता यावर निकाल ठरतो, हे सत्रान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

इंग्लंडमधल्या शेफील्ड या पोलादाच्या गावी चाकूसुऱ्यांच्या धंद्यासाठी १९५२ पासून एक संशोधन संस्था आहे. तिथे घडलेली एक चाचणी पुढे ‘आयएसओ ८४४२-५’ या आंतरराष्ट्रीय मानकात आली. यंत्रात पाते उलटे, म्हणजे धार वर करून, धरतात. त्यावर ठरावीक दाबाखाली वाळूचा, म्हणजे सिलिकाचा, पाच टक्के अंश मिसळलेल्या कागदाचा गठ्ठा टेकवतात आणि पाते मागेपुढे चालवतात. प्रत्येक फेरीत किती मिलिमीटर कागद कापला गेला ते नोंदतात. पहिल्या तीन फेऱ्यांची बेरीज हा एक आकडा आणि साठ फेऱ्यांची बेरीज हा दुसरा. पहिला आकडा आरंभीच्या धारेचा, दुसरा टिकणाऱ्या धारेचा. हे दोन आकडे एकमेकांचे नातेवाईक असतीलच असे नाही, म्हणूनच ते वेगळे नोंदवायचे असतात. ही रीत मुळात स्वयंपाकाच्या चाकूंसाठी असली तरी घडीच्या चाकूंनाही लावली जाते.

आता कारखान्याच्या धारेविषयी. महागड्या चाकूंचीही शेवटची धार बहुधा वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर, कारागिराच्या हाताने लागते. त्या वेळी दोन गोष्टी बिघडू शकतात. धारेची कड अतिशय पातळ असते. पट्टा कोरडा आणि वेग जास्त असेल तर तेवढीच कड क्षणात तापते आणि मऊ पडते. बाकीचे पाते जसेच्या तसे राहते, डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणूनच अनेक जाणकार सांगतात की, नवा चाकू दोन-तीनदा घासल्यावर अधिक टिकू लागतो. तापलेली कड निघून जाते आणि आतले खरे पोलाद वर येते. दुसरी गोष्ट अधिक फसवी. घासताना कडेला धातूची केसासारखी झालर उरते, तिला कारागीर ‘बर’ म्हणतात. ती नीट काढली नाही तर पहिल्या दिवशी चाकू विलक्षण कापतो, केस तर हवेतच उडवतो. मग ती झालर दुमडते आणि आठवड्यात चाकू मठ्ठ होतो. म्हणजे पहिल्या दिवशीची बोथट धार जशी अन्यायाची असू शकते तशीच पहिल्या दिवशीची तीक्ष्ण धारही खोटी असू शकते.

हे सगळे आम्ही नव्याने शिकलो अशा थाटात सांगत आहोत खरे, पण आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला ते लहानपणापासून ठाऊक होते. वस्तरा हाही शेवटी घडीचाच चाकू. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की, त्याचे वडील नवा वस्तरा दुकानातून आला तसा कधीच गिऱ्हाइकाच्या गालाला लावीत नसत. आधी पाण्याच्या दगडावर तो पाजवायचा, मग चामोट्यावर फिरवायचा, आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा दगडावर आणल्यावर मगच त्याच्याविषयी मत बनवायचे. एड्सच्या भीतीने सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले आणि ही विद्या गेली. आता धार पाकिटातून येते आणि एका दाढीनंतर टोपलीत जाते. आरोग्याच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. दगड मात्र त्याने अजून फेकलेला नाही.

खरा शब्द आम्हाला मिळाला तो मात्र घिसाड्यांच्या पालावर. सोयाबीनच्या सोंगणीच्या आधी परभणीच्या आसपास रस्त्याकडेला त्यांची पाले पडतात. नवरा ऐरणीवर लोखंड धरतो, बायको घण घालते. जीपचा जुना पाटा तोडून त्यातून विळे, खुरपी, सत्तूर निघतात. विळा घेणारा शेतकरी तिथे धारेवरून बोट फिरवीत नाही, कारण धार अजून लागलेलीच नसते. ती तो घरी निसण्यावर लावणार असतो. तो विचारतो ते पाण्याविषयी. तापवून लाल केलेली कड पाण्यात बुडवून जे कसब पोलादात उतरवले जाते, त्याला आपली भाषा ‘पाणी देणे’ म्हणते. पाणी कमी पडले तर कड वाकते. जास्त झाले तर सोयाबीनच्या खोडावर तिचे दात पडतात. धार ही त्या दिवसाची असते, पाणी हे त्या पात्याचे असते. आणि झिजलेले पाते पुन्हा घिसाड्याकडे नेऊन ठोकून घेण्याला आपल्याकडे ‘शेवटून आणणे’ म्हणतात. शेफील्डच्या यंत्राकडे दोन आकडे आहेत. या तिसऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे पाते पुन्हा धारेला येते की नाही यासाठी, त्याच्याकडे आकडा नाही.

एवढे कळल्यावर आमच्या टेबलावरची एक जुनी फाईल आम्हाला अस्वस्थ करू लागली. काही वर्षांपूर्वी एका पुरस्कारासाठी आम्ही दोघे परीक्षक होतो. अंतिम निवडीत दोन कवितासंग्रह उरले होते. एकाने पहिल्या पानापासून कापायला सुरुवात केली होती. शब्द चकचकीत, उपरोध नेमका, प्रत्येक कवितेचा शेवट टाळी घेणारा. दुसरा संग्रह मंद होता, काहीसा ओबडधोबडही. आम्ही पहिल्याला पुरस्कार दिला आणि निवेदनात अर्थातच ‘धारदार’ हा शब्द घातला. पुढे तो संग्रह आम्ही वर्गात शिकवला. पहिल्या वर्षी मुले खूश होती. दुसऱ्या वर्षी शिकवताना आम्हीच कंटाळलो. तिसऱ्या वर्षी कवितांचे शेवट मुले आधीच ओळखू लागली. ती झालर होती, दुमडली. दुसऱ्या कवीने त्यानंतर काही प्रसिद्ध केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. त्यात आमच्या निर्णयाचा वाटा किती, हे आम्ही एकमेकांनाही कधी विचारलेले नाही.

उलट बाजूने बी. रघुनाथांचे उदाहरण आमच्यासमोर रोज असते. तत्कालीन परभणी जिल्ह्यातल्या सातोन्यात १९१३ मध्ये जन्मलेला, निजामी राजवटीत सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केलेला हा लेखक १९५३ मध्ये चाळिशीतच गेला. कविता, कथा, कादंबरी असे सगळे त्याने थोडक्या वर्षांत लिहिले. आजच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याच्या हाती ‘आडगावचे चौधरी’ दिली तर पहिली पन्नास पाने तो कुरकुरतो. भाषा जुनी वाटते, संदर्भ लागत नाहीत, कूळ-जमिनीचे व्यवहार समजावून सांगावे लागतात. मग कुठे तरी घासले जाते आणि कापू लागते. दर तुकडीला ते वेगळ्या ठिकाणी कापते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. प्रकाशनाच्या दिवशी घेतलेल्या कोणत्याही चाचणीत हे दिसले नसते.

तरीही विद्यार्थ्याचे म्हणणे आम्ही पूर्णपणे मान्य केलेले नाही, आणि इथे आम्हा दोघांत थोडा मतभेदही आहे. एकाचे म्हणणे असे की, पाणी चांगले असेल तर धारेची तक्रार करणे हा कोतेपणा. दुसऱ्याचे म्हणणे, घिसाडी धार न लावता विळा देतो तेव्हा तो तसे उघड सांगतो आणि किंमतही तशीच घेतो. धार लावून विकतो म्हणणाऱ्याने ती नीट लावलीच पाहिजे; पोलादाचे नाव पात्यावर कोरले म्हणून शेवटच्या कारागिराची घाई माफ होत नाही. मुद्रणदोषांनी भरलेली कादंबरी प्रकाशक बाजारात आणतो आणि ‘आशय पाहा’ म्हणतो, तेव्हा आपण ते ऐकून घेतो का? दुर्दैवाने घेतो. हे लिहिताना आमचा कल दुसऱ्या मताकडे थोडा अधिक झुकला आहे.

शिवाय पाणी जास्त असण्याचीही एक किंमत असते. भेटीचा चाकू आम्ही न्हाव्याकडे नेला. त्याने अर्धा तास दगडावर घासून तो परत दिला आणि मान हलवली. या पोलादात व्हॅनेडियमच्या संयुगाचे कण असतात, ते साध्या दगडाच्या कणांहून कठीण असतात. त्यामुळेच धार दीर्घकाळ टिकते आणि त्यामुळेच ती पुन्हा लागत नाही. शेवटी विद्यार्थ्याने हिऱ्याच्या कणांची एक पाटी पाठवली. तिच्या खरखरीत बाजूवर, पंधरा-सोळा अंशांचा कोन धरून, आमच्यापैकी एकाने तीन रविवार खर्ची घातले. पहिल्या रविवारी धार वाकडी लागली. दुसऱ्या रविवारी बोट कापले. तिसऱ्या रविवारी टोमॅटोची चकती खाली पडली तेव्हा चाकूचे वजन तेवढे हाताला जाणवले. मुठीजवळचा अर्धा सेंटिमीटर मात्र अजून बोथटच आहे. तिथे पाटी पोचत नाही.

घिसाड्याकडून घेतलेला विळा दरम्यान दोनदा बोथट झाला आणि दोन्ही वेळा बांधावरच्या दगडाने दोन मिनिटांत जागेवर आला. दोन हत्यारांपैकी श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न आम्ही वर्गात टाकला होता. मुलांनी विचारले, “सर, कापायचं काय आहे?”

पुरस्कार न मिळालेला तो संग्रह आम्ही यंदा पुन्हा काढला आहे. बाजारात प्रती मिळत नाहीत, म्हणून आमच्याकडच्या परीक्षकप्रतीवरून सोळा छायाप्रती केल्या आणि द्वितीय वर्षाच्या मुलांना वाटल्या, पुरस्काराची हकीकत न सांगता. पहिल्या आठवड्याचे अभिप्राय आले आहेत. बहुतेकांना तो संथ वाटला. एका मुलीने सातव्या कवितेखाली पेन्सिलने दोन रेघा ओढल्या आहेत आणि समासात प्रश्नचिन्ह केले आहे.