शेडकार्ड नंतर बघू

दिवाळी तोंडावर आली की गिऱ्हाईक शेडकार्ड मागतं. मी रंगारी, आधी भिंतीला हात लावतो. आमच्या कोकणात पावसाची ओल दसऱ्यानंतरही भिंतीत असते. तिच्यावर महागातलं इमल्शन मारलं तरी पोपडे सुटणारच. गळती काढा, भिंत सुकू द्या, मग खरवडून पुट्टी, पॉलिशपेपर, प्रायमर. नव्या गिलाव्याला महिनाभर तरी थांबा. डिस्टेंपर स्वस्त, पण ओलं फडकं फिरवलं की उतरतो. स्वयंपाकघराला धुता येणारं इमल्शनच हवं. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. रंग ‘पुरवायला’ तांब्यावर तांब्या ओतणारे आमच्यातही आहेत, उभं राहून बघा! घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, असा नियम २०१७पासून लागू आहे. म्हणून बिनलेबलचा सुटा रंग मी घेत नाही.