मीटरची धुरकट काच आणि कारागिराचा मेहनताना

आमच्याकडे वालिदांच्या वेळची, १९७२ सालची, कुर्ल्यात बनलेली फियाट आहे. दर पावसाळ्यात तिच्या मीटरची काच आतून धुरकट होई. एका दुकानदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, "शेठ, मीटरच बदला. म्हणाल तर किलोमीटरही कमी करून देतो." आम्ही गाडी तशीच परत आणली. कापड मोजताना गज आखूड धरणे आणि आकडा मागे फिरवणे, यात आम्हाला काडीचा फरक दिसत नाही.

पुढे एका गल्लीतल्या बुजुर्ग कारागिराकडे काम दिले. त्यांनी आधी बॅटरीची तार सोडली, केबल काढली, मग मीटर बाहेर घेतला. काचेभोवतीच्या रिंगचा दुमडलेला काठ बोथट पात्याने हळूहळू उघडला. आतला रबरी वायसर लाकडासारखा कडक झालेला. दिवा पेटला की आतली हवा गरम होऊन बाहेर पडते, थंड झाली की बाहेरची ओल आत शिरते; वायसर मेला की ही ये-जा वाढते. पण उस्तादांनी काचेवर बोट फिरवून दाखवले, निम्मा धुरकटपणा तेलाचा होता! कोणीतरी केबलला ग्रीस ठासले होते, ते फिरत्या तारेवरून चढत मीटरपर्यंत पोहोचले. काच साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन कोरडी केली. डायलला मात्र हात लावला नाही. जुने आकडे पुसले गेले की गेले. नवा वायसर घातला, केबलला बेताचे ग्रीस दिले, वरचे दोन-तीन इंच कोरडे ठेवले. सिलिकॉन लावायचे का, असे आम्ही विचारले. म्हणाले, "सिरक्यासारखा वास येतो ते आत नको, धातू गंजतो." शेवटी पुढच्या काचेच्या रबरातली गळती दाखवली. "ही बंद केली नाहीत तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा याल."

(महायुद्धापूर्वीच्या काही मीटरांत चमकत्या आकड्यांना रेडियमचा रंग असे. कारागीर बंधूंनी तो खरवडू नये, फुंकू नये.)

दीड दिवसाचे हे काम आणि उस्तादांनी मागितले तीनशे रुपये!

आमची तक्रार इथे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. रोजचे गिऱ्हाईक गेले, उरले ते शौकीन मालक. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. एवढी फी भरणारा मालक असली मीटर वाचवणाऱ्याला वाजवी दाम देणार नाही काय? पण आमचे कारागीर टॅक्सीच्या जमान्यातलाच भाव सांगतात, तोही मान खाली घालून. पावती नाही, पाटी नाही, शागिर्द नाही. मुलगा मोबाइलच्या दुकानात नोकरीला. तीनशे रुपयांच्या धंद्यात तो कशाला येईल?

आमचे म्हणणे असे, की मीटर उघडण्यापूर्वीचा किलोमीटरचा आकडा पावतीवर लिहावा, खाली सही करावी आणि मेहनताना कामाच्या तासांवर घ्यावा. आकडा लिहिलेली पावती गाडी विकताना मालकाच्या कामी येते. तिच्यासाठी तो शंभर रुपये जास्तच देईल.

आम्ही उस्तादांच्या हातात बाराशे ठेवले. ते नऊशे परत करू लागले, आम्ही घेतले नाहीत. तेव्हा म्हणाले, "ठीक आहे शेठ, केबल तुटेल तेव्हा फुकट बदलीन."