स्पर्धेसाठी रचना निवडताना

आपल्या समाजातील अनेक घरांत आता पियानो किंवा निदान कीबोर्ड आला आहे. मुले लंडनच्या संगीत मंडळांच्या परीक्षा देतात, आंतरशालेय स्पर्धांत उतरतात. स्पर्धेचा अर्ज हाती आला की रचना कोणती घ्यावी हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा घरातील वडीलधारी मंडळीच देऊन टाकतात. त्यांना ऐकायला भारदस्त, बोटे वेगाने धावताना दिसतील अशी रचना हवी असते.

शोपँची ‘फँटेसी-इम्प्रॉम्प्टू’ अशांपैकी एक. तीत उजव्या हाताच्या दर चार स्वरांना डाव्या हाताचे तीन स्वर वाजतात. हा हिशेब मनात मोजून जमत नाही; दोन्ही हात आधी स्वतंत्र व्हावे लागतात. शिवाय दहा वर्षांच्या मुलाचा पंजा एका सप्तकापर्यंत पोहोचतो की नाही, हेही कोणी पाहत नाही.

बँकेत मालतारणावर कर्ज देताना आम्ही मालाच्या पूर्ण किमतीइतकी रक्कम कधीच देत नसू. भाव पडतो, म्हणून मार्जिन राखावे लागे. आपल्या व्यापारी वाचकांना हे निराळे सांगायला नको. मंचावरही भाव पडतोच. घरी बिनचूक येणारी रचना परक्या पियानोवर, परीक्षकांसमोर, गार पडलेल्या बोटांनी तेवढी येत नाही. म्हणून मुलाच्या आजच्या कुवतीपेक्षा एक पायरी खालची रचना घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मध्येच अडकून उठलेले मूल पुढे कित्येकदा वाद्याजवळ बसायलाच नाखूश होते. शिकवणीची फी आणि वाद्याची किंमत यांहून ते नुकसान मोठे.

सोपी रचना म्हणजे हलकी रचना, हा समज मात्र सोडावा. मोझार्टने १७८८ साली आपल्या सूचीत एका सोनाटाची नोंद नवशिक्यांसाठी म्हणून केली. तो इतका पारदर्शक आहे की एक स्वर कमी-अधिक झाला तरी लपत नाही. बाखने विद्यार्थ्यांसाठी १५ ‘इन्व्हेन्शन’ लिहिल्या. त्यांत डाव्या हाताला उजव्याइतकेच मानाचे काम आहे. शूमानने १८४८ मध्ये थोरल्या मुलीच्या वाढदिवसानिमित्त रचायला घेतलेला मुलांचा संग्रह तर लहान हातांसाठी खजिनाच होय. क्लेमेंटीच्या सोनाटिना आणि काबालेव्हस्कीच्या बालरचनाही पाहाव्यात. दोन रचना वाजवायच्या असतील तर बाखसोबत शूमान चांगला जुळतो. एकीत शिस्त दिसते, दुसरीत भाव.

बीथोव्हनची ‘फ्युर एलिझे’ सर्वांच्या परिचयाची. परिचय हीच तिची अडचण आहे. परीक्षकांनी ती असंख्य वेळा ऐकलेली असते. पहिले पान सोपे वाटते; मधल्या भागांतील जलद स्वरपंक्ती आणि डाव्या हातातील सलग घुमणारा एकच स्वर पुढे गाठतात. पहिल्या पानावर भुलून नाव नोंदवणारे पालक कमी नाहीत.

वेळेची मर्यादाही आधी वाचावी. पुनरावृत्तीच्या खुणा धरून घड्याळ लावावे. चार मिनिटांची वाटलेली रचना सहाची निघते. घरी एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर स्पर्धेपूर्वी काही दिवस तरी अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या खऱ्या पियानोवर सराव मिळेल अशी व्यवस्था करावी. कीबोर्डच्या हलक्या पट्ट्यांवर सवयलेली बोटे तिथे थकतात आणि पेडलचा अंदाजही चुकतो.

शेवटी शिक्षकांनी योग्य ठरवलेल्या दोन-तीन रचना मुलाला वाजवून दाखवाव्यात आणि आठवडाभर काही बोलू नये. न सांगता ते ज्या रचनेकडे पुन्हा पुन्हा वळेल, तिचे नाव अर्जावर लिहावे.