आपली निशाणी कुठली?

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाची रांग. माझ्यापुढे सत्तरी ओलांडलेल्या एक आजी उभ्या होत्या. हातातली मतदार चिठ्ठी त्यांनी दोन-तीनदा उलगडली, पुन्हा घडी घातली आणि मागे वळून हळूच विचारले, "बाळा, आपली निशाणी आता कुठली रे?" केंद्राच्या दारात कोण काय सांगणार? मी गप्प राहिलो. पण या अंकाची जुळणी करताना तो प्रश्न वारंवार समोर येऊन बसला.

आजींचा गोंधळ त्यांचा नव्हता. २०१९ मध्ये महाराष्ट्राने ज्या चार मोठ्या पक्षांना कौल दिला, त्यांतले दोन पाच वर्षांत दुभंगले. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले आणि सरकार पडले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. धनुष्यबाण आणि घड्याळ कुणाचे, हे निवडणूक आयोगाने ठरवले. त्या एका विधानसभेच्या काळात राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले.

दुखणे जुने आहे. १९६७ मध्ये हरियाणाचे आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तेव्हापासून 'आयाराम-गयाराम' आपल्या तोंडी बसले. १९८५ मध्ये घटनेत दहावी अनुसूची आली : पक्ष सोडणाऱ्याची आमदारकी जाणार. मात्र एक तृतीयांश आमदार फुटले तर माफी. २००३ मध्ये ती सवलत गेली, पण दोन तृतीयांशांच्या संमतीने होणारे विलीनीकरण राहिले. हेतू स्थिर सरकारचा होता, घडले भलतेच. एकट्याने जाण्यात धोका, म्हणून माणसे जमवून जायची रीत पडली. पूर्वी सरकार कुरतडले जायचे, आता ते एका रात्रीत कोसळते.

गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. ती जखम ताजी होती, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. सप्टेंबरात, निवडून आलेल्या अकरापैकी आठ जण भाजपमध्ये गेले. अकराचे दोन तृतीयांश सातच्या वर भरतात, म्हणून आठ. तीन देवस्थानांतली शपथ या हिशेबापुढे टिकली नाही.

आणि न्याय कुणी करायचा? विधानसभेच्या अध्यक्षांनी, जे स्वतः एखाद्या पक्षाचे आमदार असतात आणि ज्यांचे आसन बहुमतावर उभे असते. शिवसेना आमदारांच्या अपात्रतेच्या याचिकांवर निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला, दीड वर्षाने, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. एकही आमदार अपात्र ठरला नाही. अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली निघाव्यात, त्यांच्यासाठी स्वतंत्र लवादाचा संसदेने विचार करावा, असे याच न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटले होते. तो लवाद अजून झालेला नाही.

आमदाराला दावणीला बांधून ठेवावे, असे मी म्हणत नाही. पक्ष चुकला तर सभागृहात त्याच्याविरुद्ध बोलण्याची, मत देण्याची मोकळीक त्याला हवी. पक्षादेशाचा बडगा विश्वास-अविश्वास ठरावापुरताच असावा, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते. पण पक्षच बदलायचा असेल, तर राजीनामा देऊन ज्यांनी निवडून दिले त्यांच्या दारात परत जावे. एकटा असो की चाळीस जण, नियम एकच हवा. सरकार पाच वर्षे टिकले म्हणजे स्थैर्य आले, असे नव्हे. दिलेल्या मताचा अर्थ पाच वर्षे टिकला पाहिजे.

आजींनी मत दिले. कुणाला, ते मला ठाऊक नाही. बाहेर येताना त्यांनी डावा हात अंगापासून जरा लांब धरला होता, बोटावरची ओली शाई पदराला लागू नये म्हणून. इतक्या जपून दिलेले मत तितक्याच जपून सांभाळले जावे, हे मागणे आपण सर्वांनी मोठ्याने मागितले पाहिजे. त्याच आशेने हा अंक आपल्या हाती देतो आहे.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

– संपादक