थ्रेसच्या तुर्कांची शाळा

मुलाने पाढे कोणत्या भाषेत पाठ करावेत, हा वरवर पाहता घरातला प्रश्न. युरोपच्या एका कोपऱ्यात मात्र गेली शंभर वर्षे तो दोन देशांच्या परराष्ट्रखात्यांच्या टेबलावर पडून आहे. हा कोपरा म्हणजे ग्रीसच्या ईशान्येचा पश्चिम थ्रेस. झांथी, रोदोपी व एव्रोस असे त्याचे तीन जिल्हे असून तेथे सुमारे एक लाख मुसलमान राहतात. त्यांतील बहुसंख्य तुर्की बोलतात. कोमोतिनी हे त्यांचे मुख्य शहर. आपसांत ते त्याला ग्युमुल्जिने म्हणतात. (बेळगाव की बेळगावी, हा वाद ज्यांच्या कानांवरून गेला आहे, त्यांना एका गावाच्या दोन नावांत काय काय साठलेले असते हे आम्ही सांगावयास नको.)

ही माणसे कोठून आलेली नाहीत. सीमाच त्यांच्या अंगावरून सरकत गेली. ऑटोमन साम्राज्य मोडले, मध्यंतरी काही वर्षे बल्गेरियाचा अंमल झाला आणि अखेरीस हा मुलूख ग्रीसकडे गेला. पुढे जानेवारी १९२३ मध्ये ग्रीस व तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे बारा लाख सनातनी ख्रिस्ती ग्रीसच्या आणि साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानच्या वाट्याला आले. या अदलाबदलीत निकष धर्माचा होता, भाषेचा नव्हे. अनातोलियातले तुर्कीखेरीज दुसरी भाषा न येणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये जाऊन पडले, तर क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात. दोनच मोठे समाज जागच्या जागी राहिले: इस्तंबूलचे ग्रीक आणि थ्रेसचे मुसलमान. २४ जुलै १९२३ च्या लोझानच्या तहाने त्यांच्या हक्कांची हमी घेतली.

तहाची कलमे मुळातून वाचली, तर आपल्या राज्यघटनेची आठवण होते. चाळिसावे कलम अल्पसंख्यांना स्वखर्चाने शाळा काढण्याचा व तेथे आपली भाषा वापरण्याचा अधिकार देते. एकेचाळिसावे कलम, जेथे त्यांची वस्ती लक्षणीय असेल तेथे प्राथमिक शाळांतून त्यांच्या भाषेत शिकविण्याची सोय शासनाने करावी, असे सांगते. पंचेचाळिसाव्या कलमाने तुर्कस्तानवर घातलेली ही बंधने ग्रीसवरही घातली. आपल्या घटनेतील तिसावे कलम आणि १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेले ३५०-क हे कलम यांचा सूर असाच आहे. ३५०-क मध्येही शब्द ‘प्राथमिक’ असाच आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. या शब्दाशी पुढे गाठ पडणार आहे.

तहात आणखी एक शब्द आहे. तो ‘मुस्लिम अल्पसंख्य’ म्हणतो, ‘तुर्की’ म्हणत नाही. १९५० च्या सुमारास उभय देशांत सख्य होते. १९५१ मध्ये सांस्कृतिक करार झाला. १९५२ मध्ये कोमोतिनीला माध्यमिक शाळा निघाली आणि तिला तुर्कस्तानचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जेलाल बायार यांचे नाव देण्यात आले. १९५४ मध्ये तर शाळांच्या पाट्यांवर ‘मुस्लिम’ऐवजी ‘तुर्की’ लिहावे, असा ग्रीक प्रशासनाचाच हुकूम निघाला. पुढे सायप्रसवरून बिनसले आणि लष्करी राजवटीत, १९७२ मध्ये, तोच शब्द पाट्यांवरून खरवडला गेला. शाळा त्याच, मुले तीच. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या झांथीच्या तुर्की संघाला नावातील त्या एका शब्दापायी विसर्जित करण्यात आले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००८ मध्ये संघाच्या बाजूने निकाल दिला, तरी त्यानंतरही ग्रीक न्यायालयांनी त्याची नोंदणी नाकारली.

तहातील पंचेचाळिसाव्या कलमाचा खरा अर्थ असा की, दोघांनीही आपापल्या अल्पसंख्यांना नीट वागवावे. व्यवहारात तो उलटा झाला. तुम्ही आमच्यांना छळलेत, म्हणून आम्ही तुमच्यांना छळू! १९५५ च्या सप्टेंबरात इस्तंबूलमध्ये ग्रीकांची दुकाने व देवळे फोडली गेली. १९६४ मध्ये हजारो ग्रीक नागरिकांना तेथून हाकलण्यात आले आणि इम्ब्रोस बेटावरच्या शाळांतील ग्रीक भाषा बंद झाली. १९२३ मध्ये लाखभर असलेला तो समाज आज दोन-तीन हजारांवर आला आहे. इकडे थ्रेसमध्ये तुर्कांना जमीन घेण्याची, घर दुरुस्त करण्याची, वाहन चालविण्याची परवानगी मिळेनाशी झाली. नागरिकत्व कायद्याच्या एकोणिसाव्या कलमान्वये १९५५ ते १९९८ या काळात सुमारे साठ हजार माणसांचे नागरिकत्व गेले. त्यांत बहुतेक याच समाजाचे होते. कलम १९९८ मध्ये रद्द झाले, पण गेलेले नागरिकत्व त्याने आपोआप परत आले नाही. दोन सावकारांच्या भांडणात गहाण पडलेल्यांनी व्याज भरावे, तसा हा प्रकार. या हिशेबात तुर्कस्तानचे हात ग्रीसपेक्षा स्वच्छ आहेत, असे कोणी म्हणू लागल्यास आम्हांस ते मान्य होणार नाही.

आता शाळेच्या आत डोकावू. अल्पसंख्य प्राथमिक शाळा सहा इयत्तांची आणि द्विभाषिक. तुर्की भाषा, गणित, विज्ञान, धर्मशिक्षण हे विषय तुर्कीतून. ग्रीक भाषा, इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र हे ग्रीकमधून. तुर्की विषयांचे शिक्षक मुसलमान, ग्रीक विषयांचे ख्रिस्ती. योजना कागदावर सुबक दिसते. परंतु हे मूल सहावी संपवून सरकारी माध्यमिक शाळेत गेले की तेथे गणित ग्रीकमधून. शिक्षकी पेशात तीस वर्षे काढल्यावर आम्ही एवढे खात्रीने सांगू शकतो की, माणूस हयातभर बोलतो कोणत्याही भाषेत, पण मनातल्या मनात हिशेब करतो तो पाढ्यांच्या भाषेत. ‘सात आठे छप्पन्न’ म्हणत वाढलेल्या मुलाला सातवीत समीकरणे दुसऱ्याच भाषेत समोर आली, म्हणजे त्याला गणित येत नाही असे नसते. परंतु गुणपत्रिका तसेच म्हणते. अल्पसंख्यांच्या स्वतःच्या माध्यमिक शाळा, दोन मदरसे सोडले तर, कोमोतिनी व झांथी येथे प्रत्येकी एक. त्यामुळे कैक पिढ्यांनी एकतर सहावीनंतर दप्तर ठेवून तंबाखूचे शेत गाठले, नाहीतर पोरगा सीमेपलीकडे तुर्कस्तानात शिकायला धाडला.

शिक्षकांची कथा आणखी निराळी. तुर्कीतून शिकविणारे तयार करण्यासाठी लष्करी राजवटीने १९६८ मध्ये थेसालोनिकीला एक खास अध्यापन विद्यालय काढले. तेथे मुख्यतः मदरशातून आलेले विद्यार्थी घेतले जात आणि शिकविणे चाले ते ग्रीकमधून. तुर्की शिकविणाऱ्याचे स्वतःचे तुर्कीच कच्चे राहील, अशी ही तजवीज होती, असे पालक म्हणत आले. पुराव्याकडे पाहता त्यांना खोटे पाडणे कठीण आहे. २०१० नंतर ते विद्यालय बंद झाले. पाठ्यपुस्तकांचेही तेच. १९६८ च्या मसुद्याप्रमाणे पुस्तके तुर्कस्तानने छापावयाची आणि ग्रीसने मंजूर करावयाची. मंजुरी वर्षानुवर्षे अडे. मुले जुन्या पुस्तकांच्या झिजलेल्या प्रतींवर शिकत. १९९० नंतर ग्रीक शासनाने स्वतः तुर्की वाचनमाला छापली, तेव्हा पालकांनी ती घरात येऊ दिली नाही.

लिपीचा एक तपशील आमच्या वाचकांना जवळचा वाटेल. १९२८ मध्ये तुर्कस्तानने अरबी वळणाची लिपी टाकून रोमन लिपी घेतली. सीमेपलीकडचे थ्रेसचे तुर्क त्यावरून दुभंगले: जुन्या मताचे जुनी लिपी सोडीनात, नव्या मताचे शाळेत नवीच हवी म्हणत. वडिलांचे पत्र मुलाला वाचता येऊ नये, ही अवस्था एका पिढीत आली. ज्यांच्या माळ्यावर आजोबांची मोडी दप्तरे धूळ खात आहेत, त्यांना याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

या साऱ्यात ज्यांची बाजू सहसा कोणीच घेत नाही, ते पोमाक. झांथीच्या उत्तरेकडील डोंगराळ गावांत राहणारे हे मुसलमान घरी बल्गेरियनच्या जवळची एक स्लाव्ह बोली बोलतात. त्यांची मुले शाळेत तुर्की शिकतात, ग्रीक शिकतात, कुराणासाठी अरबी अक्षरे गिरवतात. आणि आईची भाषा यांपैकी एकाही तासिकेत नसते. मातृभाषेतून शिक्षणाचा जो हक्क तहाने दिला, त्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेतली ही परिस्थिती आहे. ग्रीक पक्ष पोमाकांकडे बोट दाखवितो ते ‘सारेच तुर्क नव्हेत’ एवढे सिद्ध करण्यापुरते. तुर्की पक्ष त्यांची बोली कानांआड करतो. पोमाकांतील पुष्कळजण स्वतःला तुर्क म्हणवितात, हेही खरे, आणि तो त्यांचा अधिकार आहे. तथापि पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलाचा प्रश्न ओळखीचा नसतो, समजण्याचा असतो.

१९९१ मध्ये पंतप्रधान कॉन्स्तान्तिनोस मित्सोताकिस यांनी या नागरिकांना कायद्यापुढे समान वागविण्याची घोषणा केली आणि काही जाचक निर्बंध सुटले. १९९६ पासून ग्रीक विद्यापीठांत या समाजासाठी ०.५ टक्के जागा राखीव झाल्या. १९९७ मध्ये अॅना फ्रांगुदाकी व थालिया द्रागोना या दोन प्राध्यापिकांनी युरोपीय संघाच्या पैशांवर एक मोठे काम हाती घेतले. त्यांचे मूळ निरीक्षण इतके साधे होते की ते आधी कोणाला का सुचले नाही याचे नवल वाटावे. या मुलांना ग्रीक शिकविले जाई ते ग्रीक मातृभाषा असलेल्या मुलांच्या पुस्तकांवरून! त्यांनी दुसरी भाषा म्हणून ग्रीक शिकविणारी पुस्तके लिहविली आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले. सक्तीचे शिक्षण अर्ध्यावर सोडण्याचे प्रमाण, जे पूर्वी देशाच्या सरासरीच्या कैक पटींनी होते, ते पुढे पुष्कळ खाली आले. आम्हांस या साऱ्या इतिहासात मनापासून आवडलेला भाग हाच.

पण याचा दुसरा परिणामही झाला. राखीव जागा मिळवायच्या तर ग्रीक उत्तम हवी; म्हणून अनेक पालक मुलांना पहिलीपासूनच सरकारी ग्रीक शाळेत घालू लागले. त्यांना दोष कोण देणार? बडोदे, इंदूर, हैदराबाद, कोठल्याही मराठी घरात हा हिशेब मांडला गेलेला आहे. काही सरकारी माध्यमिक शाळांत तुर्की ऐच्छिक विषय म्हणून आली, तीही परकीय भाषा म्हणून. नऊपेक्षा कमी मुले असलेल्या शाळांचे काम ‘स्थगित’ करण्याचे धोरण आर्थिक संकटात आले आणि अल्पसंख्यांच्या खेड्यांतल्या शाळांना ते अधिक झोंबले. पूर्वी दोनशेंहून अधिक असलेल्या या प्राथमिक शाळा आज शंभराच्या आत आल्या आहेत. स्थगित झालेली शाळा पुन्हा उघडल्याचे क्वचितच ऐकू येते. इम्ब्रोसची ग्रीक शाळा १९६४ नंतर २०१३ मध्ये उघडली, तेव्हा तिच्या वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुले होती.

सध्याचा वाद बालवाडीचा आहे. २००६ च्या कायद्याने ग्रीसमध्ये बालवाडीचे एक वर्ष सक्तीचे झाले आणि २०१८ च्या कायद्याने दोन. या बालवाड्या ग्रीक भाषेच्या आहेत. म्हणजे चार वर्षांचे तुर्की मूल शाळेचा उंबरा प्रथम ओलांडते तेव्हा बाईंचे बोलणे त्याला कळत नाही, आणि दोन वर्षांनी कळू लागले की आईबाप त्याला पुढेही त्याच वाटेने पाठवितात. द्विभाषिक बालवाड्या काढू द्या, अशी पालकांची मागणी आहे. लोझानच्या तहात ‘प्राथमिक’ शिक्षणाचा उल्लेख आहे, बालवाडीचा नाही, असे त्यावर शासनाचे उत्तर आहे. तह झाला तेव्हा ग्रीसमध्ये बालवाडी कोणालाच सक्तीची नव्हती.