लांबीखालचा गंज

बीड जिल्ह्यात जुनी गाडी लवकर भंगारात जात नाही. ती हात बदलत राहते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. तरी नव्या गाडीच्या किमतीपुढे ती थोडीच. त्यामुळे गेवराई, माजलगाव, अंबाजोगाईच्या डेंटिंगच्या दुकानांना काम आहे, आणि या धंद्यात आपले कारागीर बंधू पुष्कळ आहेत. त्यांच्याशी आम्हांस दरवाजाच्या पत्र्याविषयी बोलायचे आहे.

काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दरवाजात उतरते. तळाची निचऱ्याची भोके मातीने बुजली की ते साचते व पत्रा आतून सडतो. बाहेर रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आत बरेच नुकसान झालेले असते. यावर दोन उपाय केले जातात. पहिला सोपा : वरून घासायचे, लांबी भरायची, रंग मारायचा. गाडी चमकते, पण आतला गंज चालूच राहतो आणि लांबी पापुद्र्यासारखी सुटते. दुसरा मेहनतीचा : दुमडलेली कड ग्राइंडरने घासून बाहेरचा पत्रा उतरवायचा, चौकटीचा गंज काढून प्रायमर द्यायचा, नवा पत्रा लावून दरवाजा गाडीवर नीट बसतो का ते पाहायचे, मग हातोडी व डॉलीने कड थोडीथोडी दुमडायची. कडेला सीलर भरायचा, भोके मोकळी ठेवायची. चौकटच सडली असेल, तर नुसता पत्रा बदलून भागत नाही.

गिऱ्हाईक स्वस्तात करा म्हणते, हे आम्ही जाणतो. त्याला लांबीच हवी असेल तर अवश्य भरावी. पण खाली गंज आहे हे सांगून. न सांगता झाकणे हा धोका आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. लांबीखालचा गंज म्हणजे तेच ओले धान्य होय.

म्हणून आमची सूचना अशी : दोन्ही कामांचे दर चिठ्ठीवर लिहून द्यावेत, उतरवलेला पत्रा गिऱ्हाइकास दाखवावा आणि मेहनतीचा पूर्ण मोबदला न संकोचता मागावा. गाडीमालकांनीही लांबीच्या दरात पत्र्याचे काम मागू नये. हलाल रोजीची बरकत दोघांच्या सचोटीत आहे.